हुकमाची चाल सुटली, हक्काची चाल धरू या

'रोज अर्धा तास चालत जा.' दवाखान्याच्या कागदावर औषधांच्या खाली, अगदी शेवटच्या ओळीत डॉक्टर हे लिहून देतात. वरच्या गोळ्या दुकानातून आणल्या जातात, वेळेवर घेतल्याही जातात. शेवटची ओळ मात्र तशीच राहते. मग घरातले म्हणतात, आळस. डॉक्टर म्हणतात, निष्काळजीपणा. हळूहळू तो आजारी माणूसही तेच मानू लागतो.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील आपल्या वस्त्यांत कामानिमित्त फिरताना आम्हांस आळशी माणसे फार थोडी भेटली. जो तरुण पहाटे अंधारात उठून चाकणच्या कारखान्याची गाडी गाठतो, जी भगिनी दिवसभर उकिडवी बसून कांदा काढते आणि घरी येऊन पुन्हा स्वयंपाकाला लागते, त्यांना आळशी कोणत्या तोंडाने म्हणायचे? माणूस चालत का नाही याचे उत्तर त्याच्या पायांत शोधून मिळणार नाही. ते त्याच्या मनात आहे, आणि त्याच्या आजूबाजूच्या माणसांच्या बोलण्यात आहे.

हा प्रश्न एकट्या आपल्या समाजाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी केलेला एक मोठा अभ्यास २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आला. त्यानुसार २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ लोक शरीराला आवश्यक तेवढी हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण शंभरात ४२, तर स्त्रियांत ५७. सन २००० मध्ये हेच प्रमाण शंभरात सुमारे २२ होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे १० कोटींवर रुग्ण असल्याचा अंदाज निघाला, आणि शंभरातील ३५ प्रौढांना रक्तदाब आढळला. साखर हा श्रीमंतांचा रोग असे आपण लहानपणी ऐकले होते. आता तो पत्र्याच्या घरातही मुक्कामाला आला आहे. घरातला कमावता माणूस पन्नाशीच्या आत अंथरुणाला खिळला तर त्या घराची बेरीज-वजाबाकी कशी कोलमडते, हे वाचकांना सांगावयास नको.

बसण्याचा मान

आपल्या समाजाच्या बाबतीत एक गोष्ट निराळी आहे आणि आरोग्याच्या पुस्तकांत ती सापडत नाही. आपले वाडवडील पिढ्यान्‌पिढ्या चाललेच होते, पण हुकमाने. वतनाच्या नावाखाली सांगावा घेऊन गावोगाव जायचे, सरकारी वसुलीबरोबर तालुक्याला जायचे, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे. रात्र असो, पाऊस असो, 'येतो जी' म्हणून निघायचे. या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले. ते जोखड कायद्याने निघायला १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे आज जे सत्तरीत आहेत, त्यांच्या वडिलांनी ती धावपळ अंगावर काढलेली आहे.

आणि बसणे? तेही सहज मिळाले नाही. शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. एवढे शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले, तर तेथे शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबूनच टाकीत. अशा समाजातला मुलगा जेव्हा पहिल्यांदा कचेरीत खुर्चीवर बसला, तेव्हा ती खुर्ची त्याच्या आईसाठी नुसते लाकूड नव्हते. 'माझा लेक सावलीत बसून काम करतो' हे सांगताना तिचा ऊर भरून यायचा. त्यात काही चूक नव्हती.

पण यातूनच मनात एक हिशेब पक्का बसला. जो चालतो तो हलका, जो बसतो तो मोठा. कचेरीत आम्ही हे रोज पाहतो. ज्याचा हुद्दा मोठा त्याची पावले कमी. साहेब घंटी वाजवतात, कारकून हाक मारतो, आणि पाणी, चहा, फायली घेऊन दिवसभर फिरतो तो शिपाई. कारकून स्वतः उठून माठापर्यंत गेला तर शेजारचा विचारतो, 'का हो, आज शिपाई रजेवर आहे का?' शिपाईदेखील कावराबावरा होतो, आपले काही चुकले की काय म्हणून. अशा ठिकाणी उठून चार पावले टाकणे हे शरीराला सोपे असले तरी मनाला सोपे नसते.

या बाबतीत लंडनच्या बसगाड्यांची एक हकिकत प्रसिद्ध आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तेथील दुमजली बसच्या हजारो कामगारांच्या नोंदी तपासून १९५३ साली निष्कर्ष मांडला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीवर, एकाच थरातले. पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर तिकिटे फाडीत दिवसाला शेकडो पायऱ्या चढणारा-उतरणारा. हृदयविकाराचे झटके ड्रायव्हरांना जास्त येत होते, आणि आले तर जिवावर बेतण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. पुढे १९५६ साली मॉरिस यांनी गणवेशाच्या नोंदवह्या काढून विजारींच्या कमरेची मापे पडताळली. ड्रायव्हरांची कंबर तरुण वयापासूनच मोठी निघाली, म्हणजे मुळातच जाड असलेली माणसे त्या जागेवर जास्त येत असावीत, अशी शंकाही त्यांनी प्रामाणिकपणे पुढे ठेवली. शिंप्याच्या मापाची वहीसुद्धा विज्ञानाच्या कामी येऊ शकते, हे वाचून आमच्यातला कारकून सुखावला हे कबूल केले पाहिजे. त्या हिशेबाने पाहिले तर आपल्याकडच्या कचेरीत शिपाई हा कंडक्टर, आणि आपण सगळे ड्रायव्हर.

मजुरी हा व्यायाम नव्हे काय?

येथे कांदा-टोमॅटोच्या मजुरीला जाणाऱ्या भगिनी आणि हमाली करणारे बंधू विचारतील, आम्ही दिवसभर राबतो, आम्हांला वर व्यायाम कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर 'अजून चाला' असे देणारा माणूस कधी मोळी उचलून ट्रॉलीच्या फळीवर चढलेला नसावा.

जड श्रमाच्या कामाचा शरीराला तसाच फायदा होतो का, याचा युरोपातील संशोधकांनी गेल्या काही वर्षांत बराच शोध घेतला. २०१८ साली सतरा अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा खूप अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका हलके काम करणाऱ्यांपेक्षा शेकडा १८ ने जास्त दिसला. यावर तज्ज्ञांत वाद आहे. गरिबी, कमी शिक्षण, तंबाखू यांचा त्यात किती हात आहे, हे सहज वेगळे काढता येत नाही. तरी त्यांनी दिलेले कारण आम्हांस पटते. मनाने केलेल्या व्यायामात माणूस दमला की थांबतो. मजुरीत मुकादम थांबवील तेव्हा थांबायचे. आठ-आठ तास तेच ओझे, तीच वाकलेली कंबर, नाडी आणि रक्तदाब दिवसभर चढलेले. शरीर बळकट होते ते श्रमानंतरच्या विश्रांतीत, आणि विश्रांती तर मजुरीत धरलेलीच नसते. तेव्हा अशा बंधू-भगिनींना अधिक श्रमाची नव्हे, तर दुपारी खरी विश्रांती, पोटभर सकस जेवण, आणि संध्याकाळी आखडलेली कंबर व गुडघे मोकळे करणारी हलकी चाल किंवा ताण एवढ्याचीच गरज आहे. मुकादमाकडे पाण्याची व विसाव्याची सुट्टी मागणे हाही आरोग्याचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

याच संदर्भात अमेरिकेतील एक छोटा अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. आलिया क्रम आणि एलेन लँगर या दोन मानसशास्त्रज्ञ विदुषींनी सात हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या ८४ स्त्रियांची पाहणी करून २००७ साली ती प्रसिद्ध केली. दिवसभर चादरी बदलणाऱ्या, फरशा पुसणाऱ्या या स्त्रियांपैकी बहुतेकींना वाटत होते की आपण व्यायाम असा करीतच नाही. त्यांतल्या काहींना समजावून सांगितले की तुमचे हे काम म्हणजे चांगला व्यायामच आहे, कोणत्या कामात किती शक्ती खर्च होते तेही दाखवले. चार आठवड्यांनी त्यांचे वजन आणि रक्तदाब थोडा उतरलेला आढळला. ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांच्यात तसे झाले नाही. अभ्यास लहान आहे. समजल्यावर त्या बायका नकळत जोमाने काम करू लागल्या असतील, अशीही शक्यता आहे. पण स्वतःच्या कष्टाकडे माणूस कोणत्या नजरेने पाहतो, याचा शरीराशी काही संबंध असावा, एवढे तरी त्यावरून घेता येते. आपल्या भगिनींच्या कामाला जन्मभर 'काय करतेस घरी?' असेच विचारले गेले आहे.

'गाडी इकली का काय?'

आता माणसांच्या तोंडाकडे वळू. मंचर, नारायणगाव, घोडेगाव, ओतूर, कोणत्याही गावात चाळिशीचा माणूस संध्याकाळी पायी निघाला की पहिला प्रश्न येतो, 'काय भाऊ, गाडी इकली का काय?' दुसरा मोटारसायकल थांबवून म्हणतो, 'बसा मागं, सोडतो.' हे प्रेमाने म्हटलेले असते, म्हणूनच नाकारता येत नाही. चार दिवस असे झाले की भाऊ पाचव्या दिवशी घराबाहेर पडत नाहीत. धावणाऱ्याची तर आणखी फजिती. 'कोणाच्या मागं पळताय?'

आता याच रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीची मुले-मुली धावतात, त्यांना कोणी हसत नाही. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. म्हातारी माणसेही कौतुकाने पाहतात, कारण धावण्यामागे नोकरी आहे, कारण आहे. पण भरती झाली, किंवा वय उलटून गेले, की धावणे त्याच दिवशी बंद. पाच वर्षे रोज धावलेला तरुण तिशीत जिना चढताना धापा टाकताना आम्ही पाहिला आहे. धावणे त्याने नोकरीसाठी केले होते, स्वतःसाठी नव्हे. मग उद्देश संपल्यावर पाय कशाला उचलतील?

स्त्रियांचे याहून अवघड. खेड्यात बाई चालते त्याला कोणाचीच हरकत नाही, फक्त तिच्या डोक्यावर किंवा हातात काहीतरी पाहिजे. हंडा, सरपण, भाकरीची पाटी, दळणाचा डबा, निदान काखेत पोर. रिकाम्या हाताने चालणारी बाई दिसली की शेजारणीच्या कपाळाला आठी. 'कुठं चालली गं एवढ्या सकाळची?' आमच्या परिचयाच्या एक अंगणवाडी मदतनीस ताई आहेत. साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितले. त्या दुधाची रिकामी किटली हातात घेऊन निघतात. किटली रिकामी जाते, रिकामी येते, पण कोणी विचारत नाही. आम्ही हे ऐकून हसलो, ताईही हसल्या; पण बाईला स्वतःच्या शरीरासाठी बाहेर पडायला किटलीचा दाखला लागतो, हे काही हसण्यासारखे नाही. नळ आला, गॅस आला, डोक्यावरचा हंडा-सरपण उतरले, हे फार चांगले झाले. ते दिवस पुन्हा नकोत. मात्र ओझ्याबरोबर बाईचे बाहेर पडण्याचे निमित्तही गेले, आणि ओझ्याविना बाहेर पडण्याची परवानगी कोणी दिली नाही.

त्यात जागेचा प्रश्न. पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेने चालणे म्हणजे जीव मुठीत धरणे. गावात व्यायामाची लोखंडी साधने बसतात ती बहुधा मुख्य गावठाणात. गावकुसाकडच्या आपल्या वस्तीतील सून तेथे जाऊन सर्वांसमोर हातपाय हलवील, ही अपेक्षा धरणारे गाव ओळखत नाहीत. यासाठी ग्रामसभेत वस्तीजवळच्या शाळेचे मैदान सकाळ-संध्याकाळ खुले ठेवण्याचा ठराव मागता येतो. मागावा.

आणि बिबट्या. शहरातील वाचकांस हे नवल वाटेल, पण आमच्याकडे सकाळच्या फिरण्याचा विचार त्याच्याशिवाय होत नाही. डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणी आले, ऊस घरांच्या भिंतींपर्यंत आला, आणि उसाबरोबर बिबट्याही दाराशी आला. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवर झालेले हल्ले लोक विसरलेले नाहीत. २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला पुन्हा माणसांचे बळी गेले. अशा भागात 'पहाटे पाचला उठून फिरा' हा शहरी सल्ला नुसता निरुपयोगी नाही, तो घातक आहे. येथे भीती ही मनाची कमजोरी नव्हे, तो शहाणपणा आहे. उजाडल्याशिवाय निघू नये, उसाच्या कडेची पायवाट टाळावी, एकट्याने जाऊ नये, मुलांना पुढे सोडू नये, हातात काठी असावी, मोठ्याने बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून चालावे.

सोबत असली की

इतके अडथळे सांगितल्यावर कोणी म्हणेल, मग चालणे होणारच नाही. पण आपलीच माणसे १ जानेवारीला भीमा कोरेगावला जातात तेव्हा काय होते? वाहने लांब उभी करावी लागतात, तेथून जयस्तंभापर्यंत आणि परत, लेकरे खांद्यावर, म्हातारी आई हाताला धरून, सगळे चालतात. जयंतीच्या मिरवणुकीत गुडघेदुखीवाली मावशी तीन-तीन तास पायांवर असते. तेथे 'गाडी विकली का' कोणी विचारीत नाही. पाय तेच, वय तेच. फरक सोबतीचा आणि मनातल्या कारणाचा.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ साली मांडलेला विचार याच्याशी जुळतो. एखादी गोष्ट आपल्याला जमेल, असा भरवसा असल्याशिवाय माणूस ती धरून ठेवीत नाही. हा भरवसा स्वतःच्या लहानशा यशातून येतो, आणि आपल्यासारख्याच माणसाला ते जमलेले पाहून येतो. सिनेमातील नटाचे पिळदार दंड पाहून आपल्या मावशींना भरवसा येणार नाही. शेजारच्या ओळीतल्या, तशाच साडीतल्या, तशाच दुखऱ्या गुडघ्याच्या वहिनी महिनाभर चालताना दिसल्या तर येईल.

चालणे हे आपल्याला परकेही नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरीचा कडा. तेथे राहणारे भिक्खू चंक्रमण करीत, म्हणजे ठरावीक वाटेवर सावधपणे येरझाऱ्या घालीत. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ आले आहेत: दूरच्या प्रवासाचे बळ येते, प्रयत्नाचे बळ येते, आजार कमी होतात, खाल्ले-प्यालेले पचते, आणि चालता चालता लाभलेली एकाग्रता टिकते. त्या चालण्यात कोणाचा सांगावा नव्हता, डोक्यावर ओझे नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याकडे जी माणसे रांगेने चालत गेली, तीही कोणाच्या हुकमाने निघालेली नव्हती.

तेव्हा आमची सूचना अशी. वस्तीतील विहारात रविवारी वंदनेला जमतोच. वंदना झाली की तेथूनच सर्वांनी मिळून अर्धा तास चालून यावे. इतर दिवशी चार घरांचा एक गट करावा, बायकांचा वेगळा हवा असेल तर वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेले माप आठवड्याला किमान १५० मिनिटांचे आहे. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग पुरे. सलग जमले नाही तर दहा-दहा मिनिटांनीही चालते. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटे साखरेला विशेष उपयोगी पडतात. दहा हजार पावलांचा धसका कोणी घेऊ नये. तो आकडा १९६५ साली जपानमधील पावले मोजायच्या एका यंत्राच्या नावातून आला, डॉक्टरांच्या अभ्यासातून नव्हे. नंतरच्या अभ्यासांत वयस्क स्त्रियांना चार-साडेचार हजार पावलांपासूनच फायदा दिसू लागला.

पाळीवर जाणाऱ्यांनी कारखान्याच्या गाडीसाठी एक थांबा पुढे जाऊन उभे राहावे. कचेरीतील बांधवांनी आपले पाणी आपण आणावे. शिपायाला आधी सांगून ठेवावे म्हणजे तो घाबरणार नाही. छातीत दुखणे, चक्कर, धाप यांपैकी काही होत असेल तर आधी उपकेंद्रात रक्तदाब तपासून डॉक्टरांना विचारावे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी अनवाणी चालू नये, आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. नवरोबांना एक विनंती: ती चालून येईपर्यंतचा अर्धा तास मुलांकडे आणि चुलीवरच्या दुधाकडे आपण पाहावे. ज्या वस्तीत असा गट सुरू होईल, तेथील उपासक-उपासिकांनी किती जण चालतात, कोणत्या वेळी, आणि पहिल्या आठवड्यात लोक काय काय म्हणाले, ते साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावे.